विकत घेतलेले नाव



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अणुशास्त्रापर्यंत सारे विषय येऊन गेले आहेत. त्या थोर परंपरेत मी आज मोटारीच्या बंपरवरचा एक ओरखडा घेऊन उभा आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, “माझे सारे आयुष्य बँकेत दुसऱ्यांचे कर्जाचे अर्ज वाचण्यात गेले. मला दुसरे काय येणार?” ते म्हणाले, “तेच सांगा.” तेव्हा एका अर्जाचीच हकीकत सांगतो. हा अर्ज माझ्या बँकेत आला नव्हता. तो घरातून आला होता, आणि म्हणूनच तो वाचणे मला सर्वांत जड गेले.

माझा एक पुतण्या पुष्कळ वर्षे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ राहतो. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो उत्पादनाच्या नियोजनाचे काम पाही. काही वर्षांपूर्वी तो कारखाना बंद झाला. त्याचे वय तेव्हा सेहेचाळीस, घराचे कर्ज अर्धे फिटलेले, मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर. नोकरी गेल्याबद्दल कायद्याने मिळणारी रक्कम आणि थोडी शिल्लक, एवढेच भांडवल हातात. नोकरीसाठी त्याने चार-पाच महिने दारे ठोठावली. मग एक दिवस तो एका प्रदर्शनाला गेला आणि तेथून एक रंगीत पुस्तिका घेऊन आला. त्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक माणूस व्हॅनला टेकून हसत उभा होता, आणि आता तुम्हीच तुमचे धनी, अशा अर्थाचे काहीतरी वर लिहिले होते.

मी त्या वेळी तिकडेच मुक्कामाला होतो. रात्री जेवणे झाल्यावर त्याने तो कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “काका, आयुष्यभर तुम्ही लोकांचे कागद वाचलेत. आता एवढे माझे वाचा.”

धंदा असा होता. व्हॅनमध्ये सारी सामग्री घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी जायचे आणि त्याच्या मोटारीवरचा चरा, ओरखडा किंवा लहानसा पोचा तेथल्या तेथे काढून द्यायचा. आपल्याकडे ज्याला आपण डेंटिंग-पेंटिंग म्हणतो त्याचाच हा घरपोच अवतार. इंग्लंडात त्याला ‘स्मार्ट रिपेअर’ म्हणतात. आधी जागा धुऊन तेलकटपणा काढायचा, पॉलिश पेपरने घासायचे, चरा खोल असेल तर लांबी भरायची, मग प्रायमर, मग मोटारीवरच्या पट्टीवर दिलेल्या क्रमांकाप्रमाणे मिसळलेला रंग, आणि शेवटी पारदर्शक लॅकर. तो दिव्याच्या उष्णतेने वाळवून चकाकी आणायची. नवा रंग जुन्या रंगात असा विरवायचा, की कडा दिसता कामा नये. खरे कसब ते येथेच. पत्र्याला पोचा पडला असून रंग तडकला नसेल, तर आतल्या बाजूने लांब सळया घालून तो हळूहळू वर उचलतात. त्याला रंग लागतच नाही, पण हात बसायला फार दिवस लागतात.

मी पहिली शंका काढली, की एवढ्याशा ओरखड्यासाठी कोण पैसे देतो? तेव्हा पुतण्याने मला जे समजावले त्यात अर्थ होता. तिकडे विम्याच्या दाव्यात पहिली काही रक्कम मालकालाच सोसावी लागते, आणि दावा केला की पुढल्या वर्षी हप्त्यातली सूटही कमी होऊ शकते. म्हणून लहान दुरुस्ती लोक विम्याकडे न जाता स्वतःच्या खिशातून करून घेतात. दुसरे असे, की तिकडे पुष्कळशा मोटारी भाडेकराराने घेतलेल्या असतात. मुदत संपून गाडी परत करताना कंपनी प्रत्येक चऱ्याचे पैसे लावते. त्यापेक्षा आधीच दुरुस्त करून घेतलेले स्वस्त पडते. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे जुन्या मोटारींचे विक्रेते. तेव्हा धंदा खोटा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा बाबतीत आपण शहाणे लोक आधीच नाक मुरडून मोकळे होतो.

परंतु पुतण्या धंदा विकत घेत नव्हता. तो धंद्याचे नाव विकत घेत होता. यालाच फ्रँचायझी म्हणतात. कंपनीने आपले नाव, आपली पद्धत, काही आठवड्यांचे शिक्षण आणि एक प्रदेश तुम्हांला काही वर्षांपुरता वापरू द्यायचा. तुम्ही तिला प्रारंभी एक ठोक रक्कम आणि पुढे दरमहा काही द्यायचे. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर हा मक्ता आहे. जकातीचा मक्ता घेणारा सरकारला ठरलेली रक्कम भरी, आणि पुढे वसूल होईल ते त्याचे नशीब. फरक एवढाच, की जकातीच्या नाक्यावर वाटसरू आपसुक येई. येथे गिऱ्हाईक शोधून आणावे लागते.

ही पद्धत काही आजची नव्हे. १८९९ साली अमेरिकेत चॅटनूगा गावच्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटलीत भरून विकण्याचा हक्क जवळजवळ साऱ्या देशापुरता केवळ एका डॉलरच्या मोबदल्यात लिहून घेतला. त्या करारात सिरपचा दर ठरवून टाकला होता आणि कराराला मुदत घातली नव्हती. पुढे वीस वर्षांनी याच गोष्टींवरून कंपनी आणि बाटलीवाले कोर्टात उभे राहिले. १९५५ साली रे क्रॉक या गृहस्थाने इलिनॉयमध्ये मॅकडोनाल्डचे आपले पहिले उपाहारगृह उघडले आणि ही पद्धत जगभर नेली. या धंद्यात पुष्कळांची घरे उभी राहिली हे खरे. पण करारातली एखादी न लिहिलेली ओळ वीस वर्षांनी फिर्याद होऊन दारात उभी राहते, हेही तितकेच खरे.

आता कागदांकडे वळू. मी तीन रात्री ते वाचले, आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहीत गेलो.

पहिला प्रश्न प्रदेशाचा. नकाशावर तांबड्या रेघेने पुतण्याचा मुलूख आखून दिला होता. परंतु आत वाचले तेव्हा कळले, की त्या मुलखात कंपनी दुसरी व्हॅन ठेवणार नाही, इतकेच वचन आहे. शेजारच्या मुलखातला माणूस तेथे येऊन काम करणार नाही, असे कोठेही लिहिलेले नव्हते. शिवाय मोठ्या भाडेकंपन्यांचे काम मूळ कंपनी स्वतः वाटून देणार होती. म्हणजे शेत आपले, पण पाटाचे पाणी दुसऱ्याच्या हातात.

दुसरा प्रश्न दरमहाच्या देण्याचा. काही कंपन्या उलाढालीवर टक्केवारी घेतात, काही ठरीव रक्कम घेतात. येथे ठरीव रक्कम होती. चांगल्या महिन्यात ती हलकी वाटते. जानेवारीत बर्फ पडून व्हॅन दारात उभी राहिली, तरी ती चुकत नाही. टक्केवारीत निदान तुमच्या मंदीची झळ कंपनीलाही लागते. पण लक्षात ठेवा, ती टक्केवारी उलाढालीवर असते, नफ्यावर नसते. तोट्यातल्या माणसालाही ती भरावीच लागते.

तिसरा प्रश्न, रंग, लॅकर आणि सामग्री कोणाकडून घ्यायची? कंपनीकडूनच. दर कोण ठरवणार? कंपनीच. चौथा, पाच वर्षांनी काय? नूतनीकरण कंपनीच्या संमतीने. मध्येच सोडले तर? उरलेल्या महिन्यांचे देणे मागण्याचा हक्क कंपनीला. सोडल्यावर तोच धंदा करता येईल? ठरावीक काळ त्या भागात करता येणार नाही. आणि शेवटच्या पानावर वैयक्तिक जामीन. पुतण्याने धंद्यासाठी वेगळी कंपनी काढली तरी सही त्याची, आणि सहीमागे त्याचे घर.

कागदात कमाईचा एक नमुना होता. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की हा केवळ नमुना आहे, वचन नव्हे. त्यात अठ्ठेचाळीस आठवडे, आठवड्याला पाच दिवस, दिवसाला दोन कामे धरली होती. म्हणजे वर्षाला ४८० कामे. सोयीसाठी एका कामाचे २०० पौंड धरा. उलाढाल झाली ९६,००० पौंड. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आमचा हिशेब मांडला. वर्षाचे कामाचे दिवस २६०. त्यातून रजेचे २०, इंग्लंडातल्या सार्वजनिक सुट्यांचे ८, आजारपणाचे ७ वजा, उरले २२५. उघड्यावर रंग मारायचा, तेव्हा पावसाचे, थंडीचे आणि वाऱ्याचे ३५ दिवस वजा, उरले १९०. दर आठवड्याला जवळजवळ एक दिवस दर सांगण्यात, विक्रेत्यांच्या भेटीत आणि हिशेबात जाणार; असे ४० वजा. उरले १५० दिवस, म्हणजे ३०० कामे, म्हणजे ६०,००० पौंड.

आता खर्च. माल शंभरास पंधरा धरला. कंपनीचे देणे आणि जाहिरात १२,०००, व्हॅन, इंधन आणि विमा ११,०००, किरकोळ ३,०००. हे २६,००० काम होवो न होवो द्यायचेच. कंपनीच्या नमुन्याप्रमाणे हाती राहत होते ५५,६००. आमच्या हिशेबाने २५,०००. श्रोतेहो, येथे थांबा. कामे तीन-अष्टमांशाने घटली, पण हाती राहणारी रक्कम निम्म्याहून अधिक घटली. ठरीव खर्चाचा स्वभावच असा आहे. आणि त्या पंचवीस हजारांतून भांडवलासाठी काढायच्या कर्जाचे वर्षाला आठ हजार द्यायचे, म्हणजे घरात सतरा. हे आकडे आम्ही धरलेले होते. एखाद्याचे वेगळे येतील. पण ज्याने सही करायची त्याने ते स्वतःच्या हाताने मांडले पाहिजेत. आणखी एक मेख नमुन्यात नव्हती. इंग्लंडात धंद्याची वार्षिक उलाढाल एका मर्यादेपुढे गेली की विक्रीकरासारखा व्हॅट लावावा लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२४ पासून ९०,००० पौंड आहे. त्यापूर्वी ती ८५,००० होती. म्हणजे तो ९६,००० चा नमुना खरा ठरला, तरी घरगुती गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगावा लागणार किंवा कर पदरचा भरावा लागणार.

मी निकाल दिला, “नको.” बँकेत मी असाच देत असे, लाल शाईने एक शब्द लिहायचा आणि पुढचा अर्ज उचलायचा. परंतु येथे पुढचा अर्ज नव्हता. पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, हे नको, ते ठीक. मग काय करू तेवढे सांगा.” खरे सांगतो, मला उत्तर आले नाही.

प्रश्न पुढे नेला तो सूनबाईने. ती तिकडे एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने एवढेच विचारले, “ह्या लॅकरमध्ये काय असतं?” शोधल्यावर कळले, की दोन भाग मिसळून वापरायच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा तुषार श्वासावाटे जात राहिला तर दमा जडतो, आणि एकदा तो जडला की पुढे अल्पशा मात्रेनेही उसळतो. माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. वास आला नाही म्हणून हवा शुद्ध असे समजता येत नाही. म्हणून फवारताना बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो, आणि वेळोवेळी लघवी तपासून शरीरात ते द्रव्य गेले आहे की काय हे पाहावे लागते. पुस्तिकेतला हसणारा माणूस मुखवटा लावून नव्हता. मी तारण पाहिले, जामीन पाहिला. ज्या छातीच्या जोरावर हप्ते फेडायचे ती छाती पाहायचे मला सुचले नाही.

मग तिने दुसरे सांगितले, “जे करताहेत त्यांना भेटता, तसे ज्यांनी सोडलं त्यांनाही भेटा.” कंपनीने भेटण्यासाठी नावे दिली होती ती सारी भरभराटीची. सोडून गेलेल्यांची नावे मागितल्यावर तिने ती देण्याचे टाळले. पुतण्याने आपल्या ओळखीतून एक गृहस्थ शोधून काढला. त्याची व्हॅन घरामागे उभी होती, बाजूवरचे नाव खरवडून काढलेले. तो कंपनीला शिव्या देईल अशी आमची अपेक्षा होती. त्याने एकही दिली नाही. म्हणाला, “शिकवलं चांगलं. काम मला आलं. गिऱ्हाईक आणणं मात्र आलं नाही. मला वाटलं होतं, त्याचेच मी पैसे भरले आहेत.” साऱ्या कागदपत्रांचे सार त्या शेवटच्या वाक्यात होते.

कायदा याबाबतीत काय करतो? अमेरिकेत १९७८ साली संघराज्याच्या व्यापार आयोगाने नियम केला आणि २००७ साली तो सुधारला. त्याप्रमाणे सही करण्यापूर्वी किंवा पैसे घेण्यापूर्वी निदान चौदा दिवस आधी तेवीस कलमांची माहिती ग्राहकाच्या हाती द्यावी लागते. किती जण सोडून गेले हे त्यात सांगावे लागते आणि गेल्या वर्षात गेलेल्यांची नावेही द्यावी लागतात. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून सक्तीची संहिता आहे, आणि सही केल्यावरही मन बदलायला काही दिवसांची मुभा आहे. इंग्लंडात मात्र असा खास कायदाच नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या धंदेवाल्यांच्या संघटनेची आचारसंहिता आहे, पण ती सभासदांपुरती.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा, यांवरच भागवावे लागते. करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने कोणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारी अट निरर्थक ठरते. म्हणून करार संपल्यावरची बंदी आपल्या कोर्टात सहसा टिकत नाही. परंतु करार चालू असतानाची बंदी ही वेगळी गोष्ट. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका बाटली भरणाऱ्या कंपनीच्या खटल्यात तशी अट मान्य केली. आणि योगायोग पाहा, तोही खटला कोका-कोलाचाच होता. आज आपल्या गावात चहाचे, औषधाचे, शिकवणीचे, मोटारी धुण्याचे असे मक्ते घरातले दागिने मोडून घेतले जात आहेत. सोडून गेलेल्यांची यादी मागण्याचा कायदेशीर हक्क आपल्या माणसाला नाही. तेव्हा ती यादी त्याने आपल्या पायांनी जमवली पाहिजे.

आता पुतण्याचे काय झाले ते सांगून संपवतो. त्याने तेव्हा सही केली नाही. एका रंगकाम करणाऱ्या गॅरेजात त्याने कमी पगारावर आठ महिने नोकरी धरली. सेहेचाळीसाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या हाताखाली पॉलिश पेपर घासला. तेथे त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, हे काम आपल्याला आवडते. दुसरी, नव्या मोटारींच्या बंपरमागे रडार बसवलेले असते. तेथे लांबी किंवा रंगाचे जाड थर चढले तर त्याच्या कामात बिघाड येऊ शकतो, म्हणून काही कामे व्हॅनवाल्याने नाकारलीच पाहिजेत. हे पुस्तिकेत नव्हते.

त्यानंतर त्याने फ्रँचायझी घेतली. होय, घेतली, आणि माझा लाल शाईचा शब्द तेवढ्यापुरता चुकला. पण नवा कोरा मुलूख त्याने घेतला नाही. निवृत्त होणाऱ्या एका माणसाचा चालता मुलूख त्याने घेतला, तीन वर्षांची हिशेबाची वही तपासून. त्या वहीत दोन मोटारविक्रेत्यांचे नियमित काम होते. नकाशाच्या तांबड्या रेघेपेक्षा ती वही त्याने मोलाची मानली. वैयक्तिक जामिनाला त्याने रकमेची मर्यादा घालून मागितली. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर ती मिळाली. हिवाळ्यासाठी एक लहानशी शेड भाड्याने घेतली. मुखवट्याचा आणि तपासण्यांचा खर्च सूनबाईने पहिल्या ओळीत लिहायला लावला.

तो आज श्रीमंत झालेला नाही. नोकरीत मिळे त्याहून थोडे कमीच मिळते, असे तो म्हणतो. आणि दर महिन्याला कंपनीचे देणे भरताना अजून त्याच्या कपाळावर आठी पडते. मी विचारले, “मग हे नाव घेतलेस ते बरे केलेस का?” तो म्हणाला, “काका, पहिली दोन वर्षं लोक व्हॅनवरचं नाव वाचून बोलावत होते. आता माझं नाव घेऊन बोलावतात. करार संपायच्या आत हे झालं, एवढंच मी बघत होतो.”

बंधुभगिनींनो, या उत्तरात मला माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीतला धडा सापडला. उसने घेतलेल्या नावावर उभे राहण्यात कमीपणा नाही. सायकल शिकताना मागून कोणीतरी धरावेच लागते. पण धरणाऱ्या हाताचे भाडे किती, तो केव्हा सुटणार, आणि सुटेल तेव्हा आपला तोल आपल्याला येत असेल का, हे तीन प्रश्न सायकलवर बसण्यापूर्वी विचारावेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी रंगीत पुस्तिका आली असेल, तर तिला हसू नका आणि तिच्यावर भाळूही नका. स्वयंपाकघरातल्या टेबलावर घरातल्या सर्वांना बोलवा, कागद आणि पेन्सिल घ्या, आणि पावसाचे दिवस वजा करायला विसरू नका.